ट्रेलरमधला पाऊस आणि गेममधला पाऊस: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका मध्यम आकाराच्या स्टुडिओचे आहे. वीस-पंचवीस माणसे, आधीचे दोन छोटे गेम बऱ्यापैकी चाललेले, आणि तिसऱ्यासाठी पहिल्यांदाच एका मोठ्या पब्लिशरने पैसे घातलेले. गेम थर्ड पर्सन (पात्र पाठीमागून दिसते अशा) साहसाचा: हळूहळू पाण्याखाली जाणारे एक बंदर, अखंड रात्र, अखंड पाऊस, आणि ओल्या फरसबंदीवर थरथरणारे दिव्यांचे प्रतिबिंब. पीसी आणि दोन कन्सोल (टीव्हीला जोडायची, फक्त गेमसाठीची यंत्रे) अशा तिन्ही ठिकाणी तो एकाच दिवशी येणार होता.

ओळख पटू नये म्हणून कथानकाचे आणि जागेचे तपशील बदलले आहेत. तांत्रिक घटनाक्रम आणि निर्णय मात्र झाले तसेच ठेवले आहेत. शेवटच्या टप्प्यात फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रे दिसतात तो वेग, सुधारायला ज्यांना बाहेरून बोलावले, त्यांत मी होते. त्यामुळे उत्तरार्ध डोळ्यांसमोर घडला. पूर्वार्ध बैठकांच्या नोंदींतून आणि त्या वेळी तिथे असलेल्यांशी बोलून समजला.

ट्रेलर आणि गेम यांतल्या फरकाचा विषय निघाला की खेळणारे म्हणतात, सगळे खोटारडे आहेत. बनवणारे म्हणतात, काम चालू असताना बदल होणारच. या स्टुडिओत खोटारडे कोणी नव्हते, आणि तरीही काही आठवडे लोकांना खोटे चित्र दाखवून त्यांच्याकडून पैसे घेतले गेले. हे कसे झाले, हे नीट मांडण्यासारखे आहे.

ट्रेलर कसा तयार झाला

गेम बाहेर पडायला सुमारे दोन वर्षे बाकी होती. पब्लिशरला दाखवण्यासाठी स्टुडिओने व्हर्टिकल स्लाइस तयार केला होता, म्हणजे गेमचा एक छोटासा तुकडा, पण शेवटच्या दर्जापर्यंत घासूनपुसून नेलेला. एक गल्ली, एक गोदाम आणि धक्क्याचा थोडा भाग. तो पाहून पब्लिशर खूश झाला आणि एका मोठ्या कार्यक्रमात गेम जाहीर करायचे ठरले. ट्रेलर याच तुकड्यातून काढला.

पडद्यावर जे दिसले ते खरोखर गेमच्या इंजिनमधूनच, म्हणजे गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधूनच, आले होते. पण कसे आले ते पाहा. कॅप्चर खेळत खेळत केलेले नव्हते. इंजिनला प्रत्येक फ्रेमसाठी लागेल तितका वेळ घेऊ दिला. काही फ्रेमना कित्येक सेकंद लागले. त्या चित्र म्हणून साठवल्या आणि मागाहून सेकंदाला तीस या वेगाने जोडल्या. चित्रे ८के आकारात काढून ४केवर आणली, त्यामुळे दोरखंड आणि कुंपणाच्या जाळ्या यांच्या कडा कुठेच करवतीसारख्या दिसल्या नाहीत. नायिकेच्या चेहऱ्यावरचा निळसर उजेड त्या गल्लीतल्या कुठल्याच दिव्याचा नव्हता. तेवढ्या शॉटपुरता तो कॅमेऱ्याच्या उजव्या अंगाला ठेवलेला होता. कॅमेऱ्याचा मार्ग ठरलेला असल्यामुळे त्याच्या पाठीमागे इमारती नव्हत्याच. सगळी ताकद समोरच्या चौकटीत ओतता आली.

हे सगळे धंद्यात सर्रास चालते आणि त्यात मला स्वतःला फारसे वावगे वाटत नाही. सिनेमासारखा ट्रेलर सिनेमासारखा दिसावा. अडचण मधल्या वीसेक सेकंदांची होती. तिथे कॅमेरा नायिकेच्या खांद्यामागे येतो, ती चालते, वळते, दार ढकलते, आणि कोपऱ्यात जीवनरेषा (पात्राचा जीव किती उरला ते दाखवणारी पट्टी) आणि नकाशा दिसतो. पाहणाऱ्याला वाटते, आता कोणीतरी खेळतंय. प्रत्यक्षात कोणी खेळत नव्हते. हालचाल आधीच बसवलेली होती, आणि जीवनरेषा व नकाशा व्हिडिओ एडिटरने वरून चिकटवले होते.

पहिला निर्णयाचा क्षण इथे आला. टेक्निकल आर्टिस्टने बैठकीत सुचवले की या भागाखाली 'हे खेळतानाचे चित्रीकरण नाही' अशी ओळ टाकावी. चर्चा झाली. बाकीचे ट्रेलर अशी ओळ टाकत नाहीत, मग आपलाच गेम कच्चा वाटेल, असा मुद्दा निघाला आणि तो टिकला. शेवटी ओळ पडली ती अशी: 'सर्व दृश्ये गेमच्या इंजिनमधून.' यातला शब्दन् शब्द खरा. पाहणाऱ्यांनी मात्र त्याचा अर्थ घेतला, 'मी खेळेन तेव्हा असेच दिसेल.' आणि तसाच अर्थ घेतला जाईल, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

यात नवीन काही नव्हते. २००५च्या ई३ या गेमच्या मोठ्या प्रदर्शनात सोनीने 'किलझोन २'चा जो व्हिडिओ दाखवला, तो आधीच रेंडर केलेला (सावकाश गणित करून तयार केलेला) होता, गेममधून काढलेला नव्हता. गेम बाजारात आला २००९मध्ये. मधल्या वर्षांत त्या स्टुडिओला स्वतःच्याच व्हिडिओचा पाठलाग करावा लागला, आणि तयार गेम देखणा होऊनही त्याची तुलना कायम त्या पहिल्या व्हिडिओशीच होत राहिली.

ट्रेलर गाजला. विशलिस्ट, म्हणजे 'पुढे घ्यायचा' म्हणून गेमवर खूण करणाऱ्यांची यादी, झपाट्याने वाढली. स्टुडिओतल्या सर्वांसाठी तो आनंदाचा आठवडा होता, आणि तो त्यांनी कष्टाने मिळवलेला होता.

अडचण कुठे सुरू झाली

कन्सोलवर सेकंदाला तीस फ्रेम हव्या असतील, तर एका फ्रेमसाठी ३३.३ मिलिसेकंद मिळतात. साठ हव्या असतील, तर १६.७. या वेळात प्रकाश, सावल्या, पाऊस, पाणी, शत्रूंची बुद्धी, आवाज, टक्कर तपासणे, सगळे उरकायचे असते. ट्रेलरची गल्ली पहिल्यांदा कन्सोलवर चालवून मोजली, तेव्हा नुसत्या चित्रालाच पन्नासच्या आसपास मिलिसेकंद लागत होते. शत्रू अजून आलेलेच नव्हते. आणि ही मोजणी झाली ती ट्रेलर येऊन बरेच महिने उलटल्यावर.

मग कपात सुरू झाली. सगळ्यात आधी गेली ती रे ट्रेसिंगची, म्हणजे प्रकाशकिरणांच्या वाटेचा हिशेब करून काढलेली, प्रतिबिंबे. त्यांच्या जागी स्क्रीन-स्पेस पद्धत आली. ही पद्धत स्वस्त आहे, पण पडद्यावर जे आहे तेवढेच ती डबक्यात उमटवू शकते. खेळाडूने कॅमेरा खाली झुकवला की दिवा पडद्याबाहेर जातो आणि डबक्यातला दिवाही विझतो. ज्या गेमचा जीवच ओल्या फरशीवरच्या उजेडात होता, त्याला हे फार लागले. धुके पातळ झाले, लांबच्या सावल्या गेल्या, धक्क्यावरची गर्दी विरळ झाली, आणि पावसाचा थेंबन् थेंब टपकायचा तो आता कॅमेऱ्याभोवतीच्या लहानशा परिघातच टपकू लागला.

इतकीच गोष्ट असती तर ती यंत्राच्या कुवतीची म्हणून सोडून देता आली असती. पण निम्मा फरक वेगळ्याच कारणाने पडला. व्हर्टिकल स्लाइसमधली लाइटिंग बेक केलेली होती: भिंतीवर कुठे किती उजेड पडेल, एका दिव्याचा पिवळेपणा समोरच्या विटांवर कसा उतरेल, हे तासन्‌तास आधी गणित करून टेक्स्चरमध्ये (पृष्ठभागांवर चढवायच्या चित्रांत) साठवून ठेवलेले. त्यामुळे ते सुंदरही दिसते आणि चालतेही हलके. अट एकच, दिवे आणि भिंती जागच्या हलता कामा नयेत. ट्रेलरनंतरच्या वर्षात डिझाइनरांनी दोन गोष्टी आणल्या. भरतीचे पाणी खेळता खेळता चढू लागले, आणि खेळाडूला कुठलाही दिवा फोडता किंवा विझवता येऊ लागला. अंधार करून लपायचे, पाणी चढायच्या आत पलीकडे पोचायचे. ज्यांनी खेळून पाहिले त्यांना गेम पहिल्यांदा स्वतःचा असा वाटला. पण बेक केलेला प्रकाश या खेळात निकामी ठरतो, कारण दिवा विझला तरी त्याचा उजेड भिंतीवर तसाच राहतो. सगळी लाइटिंग खेळ चालू असतानाच हिशेब करणारी करावी लागली, आणि तेवढ्याच मिलिसेकंदांत बसणारा असा प्रकाश सपाट दिसतो.

म्हणजे गेम चांगला होत गेला आणि त्याच कारणाने चित्र उतरत गेले. लोक 'डाउनग्रेड' म्हणतात तेव्हा ही शक्यता त्यांच्या डोळ्यांसमोर नसते. 'द विचर ३'च्या बाबतीतही याच जातीची गोष्ट झाली होती. २०१३चा ट्रेलर आणि २०१५चा गेम यांतल्या फरकावर गदारोळ झाला, तेव्हा तो बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्टच्या लोकांनी सांगितले की प्रदर्शनासाठी केलेला तुकडा सुटा असताना छान चालतो, पण खुल्या जगात घातला की चालत नाही. मला ते स्पष्टीकरण खरे वाटते. फक्त ते ओरड झाल्यावर आणि गेम विक्रीला आल्यावर मिळाले.

याच्या उलट उदाहरणही सांगायला हवे, कारण प्रत्येक फरक ही घसरण नसते. २०१८मध्ये 'स्पायडर-मॅन'च्या एका दृश्यातली डबकी आधीच्या डेमोपेक्षा कमी दिसली म्हणून मोठा आरडाओरडा झाला. स्टुडिओचे म्हणणे होते की डबक्यांचा आकार आणि जागा बदलल्या आहेत, दर्जा उतरवलेला नाही. गेम आल्यावर ते पटण्यासारखे ठरले. आमच्या बंदरात मात्र दर्जा उतरलेलाच होता.

प्री-ऑर्डरचा दिवस आणि एक ईमेल

गेम येण्याच्या काही महिने आधी प्री-ऑर्डर, म्हणजे आगाऊ पैसे भरून नोंदणी, सुरू व्हायची होती. स्टोअर पेजवर सगळ्यात वर तोच जुना ट्रेलर होता. रेंडरिंगचे काम पाहणाऱ्या प्रोग्रामरने गेम डिरेक्टर आणि पब्लिशरकडच्या मार्केटिंग प्रमुख बाईंना एक ईमेल पाठवली. त्यात दोन चित्रे शेजारी शेजारी होती: गल्लीचा तोच कोपरा, एक ट्रेलरमधला, दुसरा त्या दिवशीच्या बिल्डमधला (गेमच्या चालू आवृत्तीतला), कन्सोलवरचा. खाली एकच वाक्य: 'सोमवारपासून आपण डावीकडचं विकणार आहोत आणि देणार आहोत उजवीकडचं.'

माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा कणा इथे आहे. ट्रेलर निघाला तेव्हा तो एक आशा होता. बनवणाऱ्यांना खरेच वाटत होते की आपण तिथवर पोचू. ही ईमेल उघडली गेल्यावर मात्र 'आम्हाला तेव्हा माहीत नव्हते' असे कोणालाही म्हणता येणार नव्हते. त्यानंतर तो ट्रेलर पानावर जितके दिवस राहिला, तो जाणूनबुजून राहिला.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सगळ्यात सोपा: ट्रेलर राहू द्यायचा आणि खाली बारीक अक्षरांत 'अंतिम गेममध्ये बदल संभवतो' अशी ओळ घालायची. पब्लिशरच्या वकिलांना हे पुरेसे वाटत होते. त्यांनी ब्रिटनच्या जाहिरात नियामकाची, म्हणजे एएसएची, दोन प्रकरणे समोर ठेवली. २०१३मध्ये 'एलियन्स: कलोनियल मरीन्स'च्या ट्रेलरवर तक्रार झाली, तेव्हा त्याच्या पब्लिशरने, सेगाने, ते ट्रेलर अंतिम गेमशी जुळत नसल्याचे मान्य करून त्यांवर खुलासा टाकायची तयारी दाखवली, आणि प्रकरण तिथेच मिटले. २०१६मध्ये 'नो मॅन्स स्काय'च्या स्टीमवरच्या (पीसी गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानातल्या) ट्रेलर आणि चित्रांबद्दल तक्रारी आल्या, आणि नियामकाने कंपनीला निर्दोष ठरवले. ग्राफिक्स ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरनुसार बदलतात हे ग्राहकांना साधारणपणे ठाऊक असते, हा त्यातला एक मुद्दा होता.

वकिलांचे वाचन चुकीचे नव्हते, पण दुसरे प्रकरण इथे लागू पडत नव्हते. पीसीची कुवत माणसागणिक वेगळी असते. कन्सोल सगळ्यांकडे सारखाच. कन्सोलसाठी पैसे भरणाऱ्याला 'तुझ्या मशीनवर अवलंबून आहे' असे सांगता येत नाही, कारण त्याच्या मशीनवर कसे दिसते हे स्टुडिओला तंतोतंत माहीत असते.

दुसरा पर्याय: नवा ट्रेलर काढायचा, पण सगळ्यात महागड्या पीसीवर, सगळ्या सेटिंग वर चढवून. हा मार्केटिंगचा आवडता होता. यातून निघणारे चित्र जुन्याच्या बरेच जवळ गेले असते आणि ते खरेही असते, त्या एका मशीनपुरते. कन्सोलवाल्यांना मात्र पुन्हा दुसऱ्याच कोणाचे चित्र विकले गेले असते. 'सायबरपंक २०७७'ची आठवण तिथे निघणे साहजिक होते. १० डिसेंबर २०२०ला तो येण्याआधी समीक्षकांना पीसीच्या प्रती मिळाल्या होत्या. जुन्या कन्सोलवरची अवस्था लोकांनी पैसे देऊन पाहिली, आणि आठवड्याभरात सोनीने तो गेम आपल्या स्टोअरवरून काढला. तो परतला पुढच्या जूनमध्ये.

तिसरा: गेमच ट्रेलरकडे ओढायचा. चढते पाणी काढा, दिवे फोडणे काढा, प्रकाश पुन्हा बेक करा. यावर डिरेक्टर म्हणाले, "दाखवायला सुंदर आणि खेळायला मेलेला गेम मला नको." यापेक्षा अधिक चर्चा झाली नाही, आणि ते योग्यच झाले.

चौथा, पुढे ढकलणे. 'हेलो इन्फिनिट'ने जुलै २०२०मध्ये प्रत्यक्ष खेळताना दाखवले, चित्रावर सडकून टीका झाली, पुढच्याच महिन्यात गेम लांबणीवर गेला आणि डिसेंबर २०२१मध्ये सुधारलेल्या रूपात आला. पण त्यामागे एक बलाढ्य कंपनी होती. इथे तेवढे पगार पुरणार नव्हते. शिवाय मोजणीवरून आम्हाला दिसत होते की वाढीव वेळेत डबकी सुधारतील, पण खेळ चालू असताना हिशेब होणारा प्रकाश बेक केलेल्याच्या तोडीला येणार नाही.

पाचवा पर्याय त्याच प्रोग्रामरचा: जुना ट्रेलर पानावरून उतरवा, कन्सोलवर खेळून केलेले चित्रीकरण त्या जागी लावा, आणि फरक का पडला ते स्वतःहून सांगा. मार्केटिंग प्रमुखांचा आक्षेप असा होता की ज्याने तुलना केली नसती त्यालाही आपणच तुलना करायला लावू. आक्षेप फालतू नव्हता. विशलिस्टमधल्या बहुतेकांनी जुना ट्रेलर एकदाच पाहिला असणार.

काय केले

आधी पहिलाच पर्याय निवडला गेला. बारीक ओळ आली, प्री-ऑर्डर सुरू झाली, आणि काही आठवडे तसेच चालले. कोणी विरोध केला असे नोंदींत दिसत नाही. प्रोग्रामरच्या ईमेलला उत्तर आले होते, 'मुद्दा लक्षात घेतला आहे.'

मग कन्सोलवर मोजक्या खेळाडूंसाठी बंद चाचणी झाली. त्यांना बोलण्यास मनाई होती आणि त्यांनी ती पाळलीही, पण चाचणीच्या शेवटी भरायच्या फॉर्ममध्ये एकाने लिहिले की खेळ त्याला अतिशय आवडला, फक्त पहिला तासभर तो 'खरे ग्राफिक्स कुठे चालू करायचे' ते सेटिंगमध्ये शोधत होता. त्याला वाटले होते की चाचणीसाठी दर्जा उतरवलेला आहे. हे वाक्य डिरेक्टरांना बोचले. त्यांनी पब्लिशरशी बोलणी करून पाचवा पर्याय पुढे रेटला.

नवे चित्रीकरण कसे करायचे याचे नियम टेक्निकल आर्टिस्टने ठरवले, आणि ते मला आजही आदर्श वाटतात. कॅप्चर विक्रीला जाणाऱ्या कन्सोलवरच, डेव्हलपमेंट किटच्या (गेम बनवणाऱ्यांना मिळणाऱ्या खास कन्सोलच्या) वाढीव मेमरीवर नाही. हातात कंट्रोलर घेऊन माणूस खेळणार. जीवनरेषा आणि नकाशा गेमचेच, वरून काही चिकटवायचे नाही. किमान एक लांब तुकडा न कापता, ज्यात खेळाडू कॅमेरा मुद्दाम खाली झुकवतो आणि डबक्यातले प्रतिबिंब नाहीसे होताना दिसते. प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यात मशीनचे नाव आणि फ्रेम रेटचा मोड. पीसीचे तुकडेही घेतले, पण वेगळे, आणि कोणत्या दर्जाच्या ग्राफिक्स कार्डवर घेतले ते लिहून.

न कापलेल्या तुकड्याला पब्लिशरने शेवटपर्यंत विरोध केला. तो राहिला, पण पानावर पहिला न लागता तिसरा लागला.

जुना ट्रेलर मिटवला नाही. त्याच्या नावात 'सुरुवातीचा संकल्पना ट्रेलर' आणि वर्ष घातले आणि स्टोअर पेजवरून तो हलवला. डिरेक्टरांनी एक छोटे निवेदन लिहिले: पाणी का चढते, दिवे का फोडता येतात, त्यासाठी प्रकाशाची पद्धत का बदलली, आणि प्रतिबिंबांच्या बाबतीत यंत्राची मर्यादा आड आली. आधी पैसे भरलेल्यांना हेच निवेदन ईमेलने गेले, आणि प्री-ऑर्डर कशी रद्द करायची ते त्यातच सांगितले.

परिणाम

प्री-ऑर्डर रद्द झाल्या. किती, ते सांगायची मुभा मला नाही. स्टुडिओला झोंबेल इतक्या, बुडवेल इतक्या नाहीत. तुलनेचे व्हिडिओ निघाले आणि एक-दोन दिवस भाषा जहरी होती. विशेष म्हणजे अनेकांनी तुलनेसाठी स्टुडिओचेच न कापलेले चित्रीकरण वापरले, म्हणजे मार्केटिंग प्रमुखांनी वर्तवलेली भीती खरी ठरली.

गेम आल्यावर समीक्षणांत डबक्यांवर टीका झाली आणि ती रास्त होती. बहुतेक लेखनाचा भर मात्र पाणी आणि अंधार यांच्या खेळावर राहिला, आणि फसवणुकीचा सूर थोड्याच ठिकाणी उमटला. मार्केटिंग प्रमुख बाई आजही म्हणतात की ट्रेलर बदलल्याने विक्री घटली. डिरेक्टर म्हणतात की न बदलता ती पहिल्या आठवड्यानंतर कोसळली असती. दोघांकडेही पुरावा नाही, कारण तोच गेम दोन वेगळ्या पानांवरून विकून पाहता येत नाही. मी डिरेक्टरांच्या बाजूची आहे, पण ते माझे मत आहे, मोजणी नव्हे.

एक गोष्ट मात्र मोजता येण्यासारखी होती आणि तिच्याकडे फार उशिरा लक्ष गेले. स्टीमवर खरेदीपासून चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेले असल्यास गेम परत करता येतो. ट्रेलरमधली ती गल्ली गेममध्ये येते तिसऱ्या तासात. पहिले दोन तास जहाजाच्या पोटात, बंदिस्त खोल्यांत जातात, जिथे चित्र उत्तम दिसते. म्हणजे ज्या दृश्यासाठी माणसाने पैसे दिले, ते प्रत्यक्षात कसे आहे हे कळेपर्यंत त्याची पैसे परत मागायची मुदत संपलेली. असे कोणी मुद्दाम रचले नव्हते. कथेचा क्रम आधीपासून तसाच होता. पण ग्राहकाच्या बाजूने पाहिले तर परिणाम तोच. म्हणून ट्रेलर वेळेत बदलला गेला याचे मोल माझ्या लेखी फार मोठे आहे.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या बैठकीतली ती एक ओळ. 'हे खेळतानाचे चित्रीकरण नाही' एवढे लिहिले असते, किंवा चिकटवलेली जीवनरेषा आणि नकाशा काढून टाकले असते, तरी पुढचा निम्मा ताप वाचला असता. सिनेमॅटिक ट्रेलर पाहून कोणी फसत नाही. खेळताना दिसणाऱ्या चित्राची नक्कल केली की माणूस फसतो, कारण आपण खेळू तेव्हा काय दिसेल याचा अंदाज तो नेमका त्याच खुणांवरून बांधतो.

व्हर्टिकल स्लाइस कन्सोलवर मोजायला हवा होता, ट्रेलर काढण्याच्या आधी. हे काम दोन-तीन दिवसांचे होते. ते झाले नाही, कारण स्लाइसचा हेतू पब्लिशरकडून होकार मिळवणे हा होता आणि पब्लिशरने कन्सोलवरचा आकडा मागितला नव्हता. करारात देखण्या तुकड्याचे पैसे होते, मोजलेल्या तुकड्याचे नव्हते. स्टुडिओला दोष देताना हे विसरता येत नाही. चित्र किती मिलिसेकंदांत निघते हे न विचारता पैसे देणारा पब्लिशरही त्या ट्रेलरचा तितकाच कर्ता असतो.

ईमेल आणि प्रत्यक्ष बदल यांच्यामधल्या आठवड्यांबद्दल माझे मत स्टुडिओतल्या मित्रांहून कडक आहे. ते म्हणतात, बोलणी चालू होती. पण बोलणी चालू असताना ट्रेलर तात्पुरता उतरवून चार स्थिर चित्रे ठेवता आली असती. त्याला कोणाची परवानगी लागत नव्हती. स्टोअर पेजच्या चाव्या स्टुडिओकडेच होत्या. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्वने २०१६मध्येच गेम बनवणाऱ्यांना सांगितले होते की स्क्रीनशॉटच्या जागी गेममधलेच खरे स्क्रीनशॉट असावेत, संकल्पनाचित्रे किंवा आधीच रेंडर केलेली दृश्ये नकोत. व्हिडिओलाही तोच न्याय लावायला कोणी थांबवले नव्हते.

'वॉच डॉग्ज'चा दाखला इथे उपयोगी पडतो. २०१२च्या ई३मध्ये दाखवलेला आणि मे २०१४मध्ये आलेला गेम यांत फरक होता. पुढच्याच महिन्यात एका मॉडरला (गेमच्या फायलींत फेरफार करणाऱ्या हौशी माणसाला) पीसीच्या फायलींत जुन्या डेमोच्या काही सेटिंग सापडल्या. तो गेम काढणाऱ्या युबिसॉफ्टने खुलासा केला की स्थिरता, गती आणि खेळाचा दर्जा यांवर परिणाम होऊ शकतो म्हणून त्या बंद ठेवल्या होत्या. कारण तांत्रिकदृष्ट्या अगदी पटण्याजोगे. पण ते पकडले गेल्यानंतर सांगितले गेल्यामुळे कोणाला पटवून घ्यायचेच नव्हते. आमच्या डिरेक्टरांचे निवेदन जवळपास याच मजकुराचे होते, आणि ते विक्रीच्या दिवसाआधी पोचल्याने बऱ्याच जणांनी ते शांतपणे वाचले.

स्टुडिओ आता पुढच्या गेमवर आहे. प्रत्येक व्हिडिओला एक जबाबदार माणूस नेमलेला आहे, आणि प्रत्येक मोठ्या बिल्डनंतर त्याने तो व्हिडिओ पुन्हा पाहून 'अजून खरा आहे का' याचे लेखी उत्तर द्यायचे असते. 'नाही' लिहिले की व्हिडिओ त्याच दिवशी उतरतो. पब्लिशरबरोबरच्या नव्या करारात हे कलम घालायचा प्रयत्न झाला. त्यांनी 'त्याच दिवशी'च्या जागी 'वाजवी मुदतीत' असा बदल सुचवला आहे, आणि त्यावर अजून सही झालेली नाही.